पोचलं नाही, पुन्हा म्हण

मला कारखान्यात सगळे भोंगा म्हणतात. तोंडावरच म्हणतात, कारण पाठीमागे बोललेलंही मला बरोबर ऐकू येतं हे त्यांना ठाऊक आहे. त्यामुळे चौकाच्या ऑफिसात जाऊन भांडायचं काम माझ्याकडे आलं यात नवल काही नाही. भांडावं लागलंच नाही ही गोष्ट वेगळी. चौकाचा कारभार बघणारे साहेब म्हणजे पोरसवदा, हसरा माणूस. शिवणकारखान्यातल्या बायकांना चौकात गायचंय असं म्हटल्यावर ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, हा रविवार सोडून पुढच्या रविवारी संध्याकाळी मधला ओटा तुमचा. मी चांगले दोन-चार टोमणे घोकून गेले होते, ते सगळे फुकट गेले.

जिना उतरून खाली आले आणि त्या चौकात नुसती उभी राहिले. सगळा जन्म या शहरात गेला, पण चौक म्हणजे माझ्यासाठी ओलांडायची जागा. या टोकाला बसमधून उतरायचं, त्या टोकाला कारखान्याची गल्ली, मधलं अंतर पिशवी पोटाशी धरून तरातरा कापायचं. कारंजं आहे हे माहीत होतं. त्याला पायऱ्या आहेत, त्यांवर माणसं निवांत बसतात, हे त्या दिवशी पाहिलं. मग मीही बसले. इथं, या सगळ्यांच्या मधोमध, आपण उभ्या राहणार, या विचारात मी अशी बुडाले की माझी बस आली आणि गेली तरी मला पत्ता नाही.

आता आमचं गाणं म्हणजे काय ते सांगते. आमच्या कारखान्यात गणवेश शिवतात, शाळांचे, दवाखान्यांचे, हॉटेलांतल्या पोऱ्यांपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांचे. मशिनांच्या रांगा एकामागे एक. सगळ्यांची तोंडं एकाच भिंतीकडे, म्हणजे प्रत्येकीला पुढच्या बाईची वेणी तेवढी दिसते. सगळ्यांत पुढच्या मशिनवर बसते ती पहिली. तिचं नावच पहिली पडलंय. ओळ आधी ती एकटी टाकते, मग आम्ही मागून धरतो. मशिनांचा खडखडाट, मागे इस्त्रीचा बॉयलर फुसफुसतोय, त्यात गायचं म्हणजे बेंबीच्या देठापासून गायचं. तरी शेवटच्या रांगेला ऐकू गेलं नाही, तर तिथली कुणीतरी कात्रीच्या मुठीनं मशिनच्या फळीवर दोनदा ठोकते. ठक ठक. म्हणजे पोचलं नाही, पुन्हा म्हण. की लगेच पहिली आवाज चढवून ओळ सुरुवातीपासून घेते आणि तिच्यामागे सगळा कारखाना चढतो. त्यात विचार करायचा नसतो. हात शिवत असतात, गळा आपापलं बघून घेतो. ही खोड इतकी मुरलीय की घरी नवऱ्यानं दारावर दोनदा टकटक केली तरी माझा आवाज चढतो. तो म्हणतो, टकटक केली नाही तरी चढलेलाच असतो.

चौकात गायचं हे माझ्याच डोक्यातून निघालं, आणि त्याला कारण पहिलीची आई.

मावशी म्हणतो आम्ही तिला. माझ्या आधीच्या काळात ती आमच्याच कारखान्यात होती, शेवटच्या रांगेत, बॉयलरला अगदी खेटून. त्या आवाजानं तिचे कान गेले. पहिली तेव्हा शाळेत जायची. डावा कान पार बंद, उजव्यात किंचित धुगधुगी राहिली. दार आपटलं, पातेलं पडलं, तर कळतं. मावशी घरी बसली, लेक मोठी झाली, लग्न झालं, आमच्याकडे कामाला लागली, गायला लागली. सगळा कारखाना जिच्या गळ्यावर चालतो त्या लेकीचं गाणं आईनं एकदाही ऐकलेलं नाही. कानात घालायचं यंत्र आणून झालं. त्यातून नुसती शिट्टी ऐकू येते म्हणून मावशीनं ते कपाटात फेकलं. आणि आता डॉक्टर म्हणतात, उजव्या कानातलं उरलंसुरलंही वर्षभर टिकेलसं वाटत नाही.

पहिलीनं हे मला डबा खाताना सांगितलं आणि वर म्हणाली, जाऊ दे गं. मला हे जाऊ दे प्रकरण अजिबात सहन होत नाही. मी म्हटलं, घरी गाऊन दाखव की. तर म्हणे घरी एकटीला सुरूच होत नाही, पाठीमागे कुणी नसलं की घसा कोरडा पडतो. आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं काही म्हटलं की आई चिडते, अंगावर का ओरडतेस म्हणते. बरं, मग कारखान्यात आण. तर तिथं डॉक्टरांची पाऊल टाकायला मनाई, आणि त्या खडखडाटात तिला ऐकू येणार कप्पाळ. मग उरला चौक. मोकळी हवा, माईक, हे एवढाले कर्णे, आणि पाठीमागे आम्ही सगळ्या. पहिली आधी नको म्हणाली, आणि कारखाना सुटताना माझ्या बाहीला धरून तिनं विचारलं, "खरंच पोचेल तिच्यापर्यंत?"

"न पोचून सांगतंय कुणाला," मी म्हटलं. असं ठोकून द्यायची मला सवय आहे, पण चौकाच्या ऑफिसातून आले त्या रात्री झोप काही लागली नाही.

कारण साहेबांनी एक अट घातली होती. चौकातल्या एका खांबावर एक डबा बसवलाय, तो आवाज मोजतो. हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, आणि तांबडा लागला की माईक आपोआप बंद. आजूबाजूच्या इमारतींतल्या लोकांनी तक्रारी केल्या, म्हणून ही सोय. मी साहेबांना परोपरीनं विनवून पाहिलं. ते हसत राहिले आणि नाहीच म्हणत राहिले. त्यांचं म्हणणं, माईक असल्यावर ओरडायची गरजच काय, हळू गायलात तरी कर्णा ते सगळीकडे नेईल. ऐकायला बरोबर वाटलं. म्हणजे आता हळू गायला शिकणं आलं.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, शाळेत गाणं शिकवतात. मी त्यांना गाणंबाई म्हणते आणि त्यांना ते चालतं. त्या एका शब्दावर तयार झाल्या. गच्चीवर तालीम ठरली. गाणंबाईंनी आम्हाला अर्धगोलात उभं केलं, एकमेकींची तोंडं दिसतील असं. झालं, तिथंच नाव बुडाली. इतकी वर्षं वेण्यांकडे बघून गाणाऱ्या आम्ही, समोर एकमेकींचे आ वासलेले जबडे दिसल्यावर खिदळत सुटलो. एक थांबली की दुसरी सुरू. शेवटी गाणंबाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, बायांनो, कारखान्यात बसता तशाच रांगा करा. पहिली पुढे, बाकीच्या मागे. तेव्हा कुठं सूर लागला.

मग तो सूर खाली आणायचा. गाणंबाई ओठांवर बोट ठेवून आमच्यापुढे वाकत वाकत जायच्या आणि आम्ही आवाज आत आत ओढायचो. मला तर पोटात कळ यायची. एकदा चांगलं जमत आलं होतं. आमच्यात एकच पुरुष, इस्त्रीवाले काका, खर्जात गातात. त्यांनी पाण्याची बाटली कठड्यावर टेकवली, झाकण राहिलं म्हणून उचलली, आणि परत टेकवली. ठक, ठक. पुढचं सांगायला नको. खालच्या मजल्यावरचे आजोबा चपला न घालता वर आले, काय झालं, कुणाला लागलं, विचारत. त्या दिवसापासून काकांना गच्चीवर पाणी बंद.

पण शिकलो हं आम्ही. शेवटच्या तालमीला तर गाणंबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही इतक्या हळुवार गात होतो की मला माझंच गाणं ओळखू येईना. गोड होतं, खोटं कशाला बोलू.

रविवारी पहाटेपासून मी नवऱ्यावर विनाकारण खेकसत होते. त्यानं ओळखलं आणि मुकाट्यानं कपड्यांना इस्त्री करून दिली. दुपार कलली तशी आम्ही निघालो. चौकात पाय ठेवला आणि मी जागीच थांबले. अगं बाई, काय तो चौक. एका बाजूला सायकलवाले फुकट पंक्चर काढून देत होते. दुसरीकडे झाडाखाली न्हाव्यांनी खुर्च्या मांडल्या होत्या, केस कापून घ्यायला ही रांग. कारंज्याजवळ पेन्शनीतले म्हातारे गुडघ्याएवढ्या सोंगट्यांचं बुद्धिबळ खेळत होते आणि खेळण्यापेक्षा भांडत जास्त होते. फरशीवर मुलांनी खडूनं जहाजं, मगरी, वाटेल ते काढून ठेवलं होतं, माणसं त्यांवरून उड्या मारत चालली होती. आणि मधल्या ओट्यावर आमच्या कारखान्याचं नाव लिहिलेलं कापड. गणवेशांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं शिवलेलं, एक अक्षर शाळेचं, एक दवाखान्याचं. ते वाऱ्यानं फुगलेलं पाहिलं आणि मला रडूच फुटलं. धूळ गेली म्हणून सांगितलं, कुणाला पटलं नाही.

आमचे मालकही आले. कामाच्या वेळात गुणगुणायचंसुद्धा नाही असा सज्जड दम त्यांनी दिला होता, तो आम्ही कधीच धाब्यावर बसवला होता, आणि आता बायकोला घेऊन, कोट घालून, पुढच्या रांगेत हजर. त्यांना पाहून मला नेमकं आमचं दुसरं गाणं आठवलं आणि मनात म्हटलं, आता मेलो.

मावशीला पहिलीनं आणि जावयानं धरून आणलं. ठेवणीतले कपडे, हातात काठी, केस चापूनचोपून बसवलेले. पहिल्या रांगेत अगदी मधली खुर्ची. गाणंबाईंनी ती स्वतः फिरवून दिली, उजवा कान ओट्याकडे येईल अशी, आणि कर्णाही त्याच बाजूला ओढून घेतला. पहिलीनं एकदा आईकडे बघितलं, एकदा खांबावरच्या डब्याकडे बघितलं. मी तिचे हात धरून चोळले आणि म्हटलं, तू ओळ टाक, बाकीचं आम्ही बघतो.

पहिलं गाणं संथ होतं, कारखाना सुटायच्या वेळचं. शिकवल्याप्रमाणे गायलो. एक आवाज वर गेला नाही. डबा हिरवागार. चौक हळूहळू शांत होत गेला, केस कापून घेणारे अर्ध्या डोक्यानं उठून उभे राहिले. शेवटचा सूर सोडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. माझी छाती अशी भरून आली, वाटलं, जिंकलो. तेवढ्यात माझं लक्ष मावशीकडे गेलं. ती शेजारणीच्या हातांकडे बघत होती. शेजारीण टाळ्या वाजवायला लागली तशी तीही वाजवायला लागली. तोंडावर परक्याच्या घरी पाहुण्यानं हसावं तसं हसू. तिला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

पहिलीनंही ते पाहिलं. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, पण वेणी दिसत होती. इतकी वर्षं मी ती वेणी बघतेय, वेणीवरून मला तिचं सगळं कळतं. ती अशी ढिली पडली की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, जावं आणि तो डबा खांबावरून उपटून कारंज्यात टाकावा. पण गाणंबाई खालून दुसऱ्या गाण्याची खूण करत होत्या, लोक वाट बघत होते. पहिलीनं दुसरं गाणं सुरू केलं. आवाज कसला, नुसतं सूत. आमची खरी मजेची चाल, कारखान्यात ह्या गाण्यावर मशिनं पळतात, आणि ती ते असं म्हणत होती जसं कुणी आजारी माणसाच्या उशाशी बसलंय.

मावशी लेकीच्या ओठांकडे बघत होती. हळूहळू तिचं ते पाहुणीचं हसू गेलं. कपाळाला आठ्या पडल्या. तिनं खुर्चीत पाठ ताठ केली, काठी उचलली, आणि फरशीवर दोनदा आपटली.

ठक ठक.

मी शपथेवर सांगते, कुणी काही ठरवलं नाही. तालमी, गच्ची, ओठांवरचं बोट, सगळं जिथल्या तिथं राहिलं. पहिलीची मान वर झाली आणि ओळ सुरुवातीपासून, एकटीच्या गळ्यातून, सगळ्या चौकावरून गेली:

काज झालं, कॉलर झाली, बटण कुठं गेलं?
मालक पोटभर जेवले, टणकन् उडून गेलं.

आणि तिच्यामागे आम्ही. डबा पिवळ्यावर थांबलासुद्धा नाही, थेट तांबडा. कर्णा मुका झाला. आम्हाला त्याचा पत्ताच नाही, कर्ण्याबिगर गायचीच तर आमची सवय. कबुतरं भर्रकन उडाली. इमारतींच्या खिडक्या धडाधड उघडल्या, तक्रारीसाठी उघडल्या की ऐकायला ते देव जाणे, पण उघडल्या त्या परत मिटल्या नाहीत. बुद्धिबळवाले भांडण सोडून धावले. मालकांनी आधी कोटाची बटणं चाचपली, मग त्यांची बायको त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागली तेव्हा बिचारे तेही हसले. साहेब पळत आले, खांबाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, थांबा म्हणून हात वर केला आणि तो तसाच राहिला. बंद करण्यासारखं त्यांच्या हातात काही उरलंच नव्हतं. गाणंबाईंच्या नजरेला नजर द्यायची मी टाळत होते. शेवटी चोरून बघितलं, तर त्या सगळ्यांत मोठ्यानं गात होत्या.

आणि मावशी. आधी तिचा हात उजव्या कानामागे गेला. मग ती उठली. जावयानं कोपर धरलं, ते तिनं झिडकारलं. एक एक पाऊल टाकत ओट्याच्या कडेशी आली, मान तिरकी केली, उजवा कान थेट लेकीकडे धरला आणि डोळे मिटून घेतले. पहिलीनं ओळ टाकली की मावशीची हनुवटी वर व्हायची, आम्ही धरायचो तेव्हा खाली यायची. पुढची ओळ, पुन्हा वर. एकदासुद्धा चुकली नाही. मी पुढे वाकून पाहिलं, तर पहिलीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र तसूभर हलत नव्हता. दोन्ही एकदम करता येतं हे मला तिथं कळलं. गाणं आम्ही कितीदा म्हटलं विचारू नका. संपत आलं की कुणीतरी पुन्हा उचलायचं, आता तर आमच्यामागे अख्खा चौक धरायला लागला होता.

थांबलो तेव्हा दम लागला होता. लोक ओरडत होते, शिट्ट्या मारत होते. पहिली ओट्यावरून उतरली आणि आईपुढे जाऊन उभी राहिली. मावशीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाजही कळत नाही. मावशीला वाटलं, आपण लेकीच्या कानात कुजबुजतोय. पण ते सगळ्या चौकाला ऐकू गेलं.

"किती जाड झालाय गं तुझा आवाज."

पहिलीनं मान हलवली.

"तुझे ओठ हलतात, त्यावर आवाज मी माझ्या मनानं लावते. तो आपला तू शाळेत जायचीस तेव्हाचा, बारीक. एवढी मोठी बाई झालीस, आणि मी अजून तुला त्या पोरीच्या आवाजात ऐकतेय."

पहिलीनं विचारलं, आवडला का. अगदी साध्या आवाजात विचारलं, मावशीनं ते ओठांवरून वाचलं आणि ती मनापासून हसली.

"अजून एकदा म्हण," ती म्हणाली. "हा मला आता जन्मभर पुरवायचाय."